हिरव्या पाटीला टोल माफ आणि आम्ही म्हणे लक्झरी!

आज पेणहून येताना अटल सेतूवर फास्टॅगचे २५० रुपये गेले. पुढे एक अवाढव्य इलेक्ट्रिक गाडी होती, हिरवी नंबरप्लेट, किंमत आमच्या गाडीच्या चौपट तरी असेल. तिला टोल माफ! ऑगस्ट २०२५ पासून माफ आहे हे ठाऊक होतं, पण डोळ्यांदेखत बघितलं की झोंबतं. त्यात मागच्या सीटवरून मेहुण्याचा टोमणा: "भावोजी, तेव्हाच सांगत होतो, ईव्ही घ्या."

घेतो ना राजा. चार्ज कुठे करू? तुझ्या डोंबिवलीला येऊन?

परळची जुनी बिल्डिंग आमची. पार्किंग म्हणजे गेटबाहेर जागा मिळाली तर आपली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी म्हटलं, माझ्या खर्चाने चार्जिंग पॉइंट लावतो, मीटरही वेगळं घेतो. तळमजल्यावरचे काका उठले, "आग लागली तर जबाबदार कोण?" झालं. पुढचा विषय पाण्याची टाकी.

म्हणून मारुतीची ग्रँड विटारा घेतली, २०२५ मध्ये सुधारून आलेली, स्ट्राँग हायब्रिड. सहा एअरबॅग आता खालच्या मॉडेललाही आहेत, हे बरं केलं. दीड लिटरचं तीन सिलिंडरचं टोयोटाचं इंजिन, जोडीला मोटर आणि एक छोटी बॅटरी. प्लग लावायचा नाही. ब्रेक दाबला, उतार लागला की बॅटरी आपली आपण भरते. लालबागच्या ट्रॅफिकमध्ये रांगताना बराच वेळ इंजिन बंदच असतं. कंपनी २७.९७ चं मायलेज सांगते, तेवढं कुठलं मिळायला, तेही ई२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर! पण जिथे बाकीच्या गाड्या उभ्या उभ्या पेट्रोल जाळतात तिथे ही वाचवते.

डिकी लहान आहे, मान्य. बॅटरीने जागा खाल्लीय. हायवेला जोरात दाबली की इंजिन ओरडतं, आणि साध्या पेट्रोल मॉडेलपेक्षा महाग पडते. बास, एवढंच मान्य.

आता हिशोब बघा. विजेच्या गाडीला जीएसटी ५ टक्के. आमच्या हायब्रिडला ४०, म्हणजे चैनीच्या वस्तूंचा दर! का, तर चार मीटरपेक्षा लांब आणि बाराशे सीसीच्या वर. पूर्वी सेस धरून हायब्रिडला ४३ आणि तेवढ्याच साध्या पेट्रोल गाडीला ४५ होते, म्हणजे दोन टक्क्यांचं का होईना, कौतुक होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून दोघींना एकच दर. टॅक्स कमी झाला म्हणून पेढे वाटणाऱ्यांनी हे वाचलं का? उत्तर प्रदेशने २०२४ च्या जुलैमध्ये स्ट्राँग हायब्रिडचा रजिस्ट्रेशनचा टॅक्स माफ केला. उत्तर प्रदेशने! आणि आपल्याकडे तीस लाखांच्या वरच्या ईव्हीवर सहा टक्के लावायचं ठरत होतं, तर मार्च २०२५ मध्ये तेही मागे घेतलं. ज्याच्या बंगल्यात चार्जर, त्याला सगळं माफ. जो रस्त्यावर गाडी लावतो आणि तरी कमी धूर सोडायचा प्रयत्न करतो, तो श्रीमंत! ईव्हीला सवलत देऊ नका असं म्हणत नाही. द्या. पण आमच्याकडेही बघा की जरा.

त्याच काकांना परवा केईएमला सोडलं. गुडघा धरून कसेबसे बसले. गाडी गेटवरून निघाली तरी आवाज नाही, तर घाबरून म्हणाले, "अरे, चालू केलीस का?" मी दाखवलं, आत्ता मोटरवर चाललीय, काका. सिग्नलपर्यंत स्क्रीनवरचे बाण बघत होते, लहान मुलासारखे. मग हळूच, "हिलाही बॅटरी असते?" असते, काका. "आणि आग?" मला हसू आलं. त्या मीटिंगचा राग तिथेच निम्मा उतरला. म्हातारा माणूस, बातम्यांत एकदा जळती स्कूटर बघितली असेल, घाबरला. त्याला समजावायला सोसायटीत कोण आलं होतं? वीज कंपनीचं नाही, सरकारचं नाही. टोल माफ करणं सोपं, खांबावर चार्जर लावणं अवघड.

मुलीला आता इलेक्ट्रिक स्कूटर हवीय, म्हणजे तो विषय मीटिंगमध्ये परत निघणारच. जुन्या बिल्डिंगमध्ये ज्यांनी चार्जिंग पॉइंट बसवलाय त्यांनी कृपया लिहा: मीटर कोणाच्या नावावर घेतलं, ठराव कसा पास करून घेतला, वायरिंग कोणाकडून केलं? मेहुण्याने कमेंट करू नये.