अमेरिका फ्रान्सवर उलटली? घटनांचा क्रम तरी बघा

‘फ्रान्सच्या पैशावर आणि रक्तावर अमेरिका स्वतंत्र झाली आणि फ्रान्सवर वेळ येताच तिने तह मोडून पाठ फिरवली’, असा मजकूर जोरात फिरतोय. कृतघ्नतेचा हा आरोप सरळसरळ अन्यायाचा आहे.

मदत झाली, यात वाद नाही. १७८१मध्ये फ्रेंच नौसेनानी द ग्रासचं आरमार अमेरिकेतल्या चेसापीक उपसागराच्या तोंडाशी उभं नसतं, तर स्वातंत्र्ययुद्धाच्या निर्णायक लढाईत यॉर्कटाउनला इंग्रज कोंडीत सापडले नसते. पण फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री व्हेर्जेन काही दानधर्म करत नव्हते. त्यांना सप्तवार्षिक युद्धात ब्रिटनकडून झालेल्या १७६३च्या पराभवाचं उट्टं काढायचं होतं.

१७९३मध्ये तह मोडला म्हणे. अमेरिका आणि फ्रान्स यांच्या तहातून झालेली १७७८ची युती बचावात्मक होती आणि १७९३मध्ये ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारलं फ्रान्सनेच. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांनी तटस्थता जाहीर केली, पण तह कायम ठेवला आणि नव्या फ्रेंच प्रजासत्ताकाचा वकील झने याला मान्यताही दिली. त्याने काय केलं? अमेरिकी बंदरांतून ब्रिटिश व्यापारी जहाजं लुटायला खासगी जहाजं सोडली. फ्रान्सची बाजू घेणारे अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री जेफरसनसुद्धा त्याला विटले.

अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातल्या १७९४च्या ‘जे’ कराराबद्दल फ्रान्सचा राग मला समजतो. अमेरिकी जहाजांवरचा फ्रेंच माल ब्रिटनने उचलला तरी अमेरिकेने या करारात ते चालवून घेतलं. पण तटस्थ जहाजांवरचा शत्रूचा माल जप्त करण्याचा फ्रान्सचा हुकूम ९ मे १७९३चा आहे. म्हणजे कराराच्या दीड वर्ष आधीचा, आणि १७७८च्या व्यापारी तहाच्या थेट विरुद्ध! पुढे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री पिकरिंग यांनी १७९७मध्ये अहवाल दिला, त्यात अकरा महिन्यांत फ्रान्सने पकडलेल्या अमेरिकी जहाजांचा आकडा होता ३१६.

तरीही वॉशिंग्टन यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष अ‍ॅडम्स यांनी बोलणी करायला पिंकनी, मार्शल आणि गेरी यांना पॅरिसला धाडलं. तिथे फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री तालेराँ यांच्या मध्यस्थांनी आधी दर सांगितला: मंत्र्यांसाठी ५०,००० पौंड लाच, वर फ्रान्सला मोठं कर्ज, मग चर्चा. उत्तरासाठी पुन्हा पुन्हा टोचल्यावर पिंकनी म्हणाले, ‘नाही, नाही, सहा पेन्ससुद्धा नाही.’

अमेरिकी काँग्रेसने तह रद्द केले ते यानंतर, ७ जुलै १७९८ला. समुद्रावर चकमकी झडल्या, पण अ‍ॅडम्स यांनी रीतसर युद्ध टाळलं. १८००मध्ये तडजोड झाली. युतीतून सुटका मिळवताना अमेरिकेने जहाजांच्या भरपाईवर पाणी सोडलं. ज्यांची जहाजं गेली, त्यांच्या वारसांना आपल्याच सरकारकडे दाद मागण्याचा कायदा मिळाला १८८५मध्ये.