ज्युरीचं समन्स चुकवण्याचे खात्रीशीर उपाय

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल, क्युपर्टिनो, सॅन होजे या पट्ट्यात राहणाऱ्या आणि नुकतंच अमेरिकन नागरिकत्व घेतलेल्या तमाम मराठी बंधुभगिनींनो, अभिनंदन. शपथ घेतलीत, हातात कागदी झेंडा धरून फोटो काढलात, निळा पासपोर्ट आला. युरोपच्या व्हिसासाठी बँकेची स्टेटमेंटं जोडत बसायची कटकट संपली, भारतात व्हिसाविना येण्याजाण्याच्या ओसीआय कार्डाचा अर्जही गेला. सगळं यथासांग पार पडलं. आणि मग एके दिवशी टपालात जाहिरातींच्या गठ्ठ्यामधून काउंटी कोर्टाचं पाकीट घरंगळलं. ज्युरीचं समन्स! म्हणजे खटल्याचा निकाल ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांच्या पंचमंडळात बसायचं बोलावणं.

अशा वेळी धीर सोडायचा नाही. ज्यांनी अर्धं आयुष्य व्हिसाचे फॉर्म भरण्यात घालवलं, त्यांना एक साधं समन्स चुकवता येऊ नये?

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे पाकीट न उघडता ड्रॉवरमध्ये ढकलून देणे. तिकडे घरपट्टीच्या नोटिशीवर हा उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. इथे मात्र कोर्ट पुन्हा पत्र पाठवतं, आणि तरीही तुम्ही गप्पच राहिलात तर कॅलिफोर्नियात दंड दीड हजार डॉलरपर्यंत चढू शकतो. समन्स फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टाचं असेल तर हजार डॉलरपर्यंत दंड आणि तीन दिवसांपर्यंत तुरुंग अशी दुहेरी सोय आहे. दोन दिवस बाकावर बसायचं टाळून तीन दिवस आत बसायचं, हा हिशोब तुमच्या एक्सेलमध्येही जुळायचा नाही.

तेव्हा पाकीट उघडा. आतल्या फॉर्मवर एक चौकोन दिसेल: मी अमेरिकेचा नागरिक नाही. ग्रीन कार्डाच्या रांगेत ताटकळताना हाच चौकोन वर्षानुवर्षं डोळ्यांत सलत होता, आणि आज तोच किती लोभस वाटतोय बघा. पण मोह आवरा. खाली सही करायची असते आणि खोटी सही हा गुन्हा आहे. (तुमच्या ग्रीन कार्डवाल्या शेजाऱ्यांनाही समन्स येऊ शकतं, कारण नावं ड्रायव्हिंग लायसन्सच्या यादीतूनही उचलतात. त्यांनी तो चौकोन निमूटपणे भरावा. उत्साहाच्या भरात नागरिक म्हणून सही ठोकली तर परतीच्या प्रवासाची व्यवस्था सरकारच बघेल.)

इंग्रजी समजत नाही, हे कारण कायद्यात खरोखरच आहे. तुम्हाला मात्र ते वापरता येणार नाही, कारण नागरिकत्वाच्या मुलाखतीत तुम्ही अधिकाऱ्यासमोर इंग्रजी वाचून आणि लिहून दाखवलं आहे. त्याच परीक्षेच्या प्रश्नसंचात एक प्रश्न होता: फक्त नागरिकांवर असलेली एक जबाबदारी सांगा. उत्तरं दोन होती, ज्युरीवर बसणं किंवा फेडरल निवडणुकीत मत देणं. मुलीने उजळणी घेतली तेव्हा तुम्ही दोन्ही घडाघडा म्हणून दाखवली होती. पण परीक्षेला आलेलं परीक्षेतच सोडून यायचं, ही आपल्याला दहावीपासूनची शिकवण.

उरतो तो अडचणीचा अर्ज. कॅलिफोर्नियाचे नियम याबाबतीत बरेच उदार आहेत. कोर्टात जायला एका बाजूने दीड तासाहून जास्त लागत असेल, दुखणं असेल, घरी सांभाळायला लहान मूल किंवा आजारी म्हातारं माणूस असून दुसरी सोय होण्यासारखी नसेल, किंवा पैशाचा फार मोठा फटका बसणार असेल, तर सूट मिळू शकते. यातलं आपलं कारण कोणतं हे तुमच्या लगेच ध्यानात आलं असेल: आई-बाबा! ते सहा महिन्यांसाठी आलेच आहेत. अर्जात लिहा की दोघंही वृद्ध असून पूर्णपणे तुमच्यावर अवलंबून आहेत. हे लिहीत असताना बाबा तुमच्या मुलाला शाळेतून घेऊन येत असतील आणि आई तुमच्या डब्याला पोळ्या लाटत असेल, तर तिकडे पाठ करून बसा. अर्ज मोकळ्या मनाने लिहिता आला पाहिजे.

पैशाच्या फटक्याचं कारण जरा जपून वापरा. कॅलिफोर्नियातली राज्याची कोर्टं साधारणपणे ज्युररला दिवसाला 15 डॉलर देतात, तेही दुसऱ्या दिवसापासून. पहिला दिवस देशसेवा. 15 डॉलरचा आकडा बघून तुम्हाला संताप येणं साहजिक आहे, तुमची कॉफी आणि सँडविचच तेवढ्याचं होतं. पण न्यायाधीशांनी विचारलं, "कंपनी ज्युरी ड्युटीचा पगार देते का?" तर काय सांगणार? तुमची कंपनी देते. हँडबुकमध्ये लिहिलंय. तेव्हा खालच्या आवाजात "हो" म्हणायचं आणि लगेच सॉफ्टवेअरच्या नव्या रिलीजचा विषय काढायचा.

रिलीज हे आपलं ब्रह्मास्त्र. तुम्ही नसलात तर प्रॉडक्शन कोसळेल, हे न्यायाधीशांना पटवून द्या. गेल्या डिसेंबरात तुम्ही चांगले पाच आठवडे पुण्यात होतात, तीन लग्नं आणि एक मुंज केलीत, कोकणातही जाऊन आलात आणि प्रॉडक्शनला त्याचा पत्ताही लागला नाही, हा तपशील कोर्टापुढे मांडण्याचं कारण नाही. मॅनेजरलाही मध्ये घ्या, पण बेताने. समन्स आलं म्हणून इथे नोकरीवरून काढता येत नाही, तसा कायदाच आहे. त्यामुळे मॅनेजर बिचारा हसून "यू शुड गो" म्हणेल आणि तुमची पंचाईत करेल. त्याच्याकडून पत्र हवं असेल तर ते ऑक्टोबरच्या डेडलाइनपूर्वी मागा, कामाचा वार्षिक रिव्ह्यू झाल्यावर नको.

तारीख पुढे ढकलून घेणं हा मध्यममार्ग. ते ऑनलाइन होतं, कारणही फारसं विचारत नाहीत. तारीख निवडताना मात्र कॅलेंडर उघडून बसा. गणपतीत नको, कारण मंडळाच्या मोदकांचा हिशोब तुमच्याकडे. दिवाळीत नको. नाटकाची तालीम चालू असताना तर नकोच. मार्चमध्ये मुलाची रोबोटिक्स, एप्रिलमध्ये टॅक्स, जूनपासून भारत. असं करत करत एक मंगळवार सापडतो, तोही नेमका संकष्टीचा निघतो आणि सौ. म्हणतात, दिवसभर उपाशी बसणार का तिथे?

काही अभ्यासू मंडळी इतिहासाचा आधार घेतात. "आमच्याकडे हे खातं कधीच बंद झालं," असं सांगतात. ते खरं आहे. 1959 मध्ये मुंबईच्या सेशन्स कोर्टात, बायकोच्या प्रियकराच्या खुनाचा आरोप असलेल्या नौदलाच्या कमांडर नानावटींना नऊ जणांच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं, न्यायाधीशांनी तो कौल धुडकावून प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं, आणि तिथे नानावटींना जन्मठेप झाली. पुढे 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ज्युरीला कायमचा निरोप दिला. (पारशी घटस्फोटाच्या खटल्यांत तिचा एक पणतू अजून शिल्लक आहे.) युक्तिवाद बिनतोड आहे. अडचण एवढीच की आपण शपथ घेतली ती 1791 सालच्या दुरुस्तीने ज्युरीचा हक्क संविधानात पक्का करणाऱ्या देशाची.

एवढं करूनही ज्युरीच्या हॉलमध्ये जाऊन बसावं लागलंच, तर चार्जर न्या. तिथली माणसं जरा निरखून बघा. पोस्टातून निवृत्त झालेले आजोबा, शाळेतल्या शिक्षिका, महिन्याभरापूर्वी अठराची झालेली पोरगी. एखादी बाई एखाद्या कंपनीच्या, कदाचित तुमच्याच, कॅफेटेरियात तासावर काम करणारी असेल. ती आज आली म्हणजे आजचा रोज बुडाला. पैशाच्या फटक्याची सवलत ठेवलीय ती खरं तर तिच्यासाठी. बऱ्याचदा असल्या बायकांना अर्ज कसा लिहायचा हेच माहीत नसतं. तुमचा अर्ज मात्र भाषेच्या दृष्टीने फारच सुरेख उतरला होता.

नाव पुकारलं गेलं की कोर्टरूममध्ये प्रश्नोत्तरं होतात. दोन्हीकडच्या वकिलांना ठरावीक संख्येने कारण न देता ज्युरर नाकारता येतात. इथे आपल्या इंजिनिअर बांधवांना मोठी संधी असते. वकिलाने विचारावं, "वाजवी शंका (जी उरली तर आरोपी सुटतो) म्हणजे काय, समजतं का?" आणि तुम्ही विचारावं, "किती टक्के?" नव्वद की पंच्याण्णव, पुराव्याची एरर रेट काय, सॅम्पल साइज केवढी. वकील घड्याळाकडे बघू लागले की समजा, संध्याकाळच्या स्टेटस मीटिंगला तुम्ही घरी. ज्यांना हे जमत नाही त्यांनी "पोलीस कधीच खोटं बोलत नाहीत" असं ठणकावून सांगावं. सातारा-सांगलीकडचा माणूस हे वाक्य न हसता म्हणू शकला तर त्याला नाटकात घ्यावं.

आणि निवड झालीच तर? मग खरी परीक्षा घरात. खटला संपेपर्यंत कुणाशीही, अगदी बायकोशीही, केसबद्दल एक शब्द बोलायचा नाही. गूगल करायचं नाही. बातमी वाचायची नाही. संध्याकाळी आई विचारणार, "काय रे, खून आहे का?" आणि तुम्ही म्हणायचं, "सांगता येत नाही." मग तिने ठरवायचंच की खून आहे, आणि रात्री आठाच्या आत सांगलीच्या मावशीपर्यंत बातमी पोचवायची. घरच्यांनी फारच छळलं तर त्यांना खुनाचा आरोप असलेल्या फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसनच्या खटल्याची ज्युरी सांगा: लॉस एंजेलिसमध्ये 265 दिवस हॉटेलात बंद, रोजचे पाच डॉलर, आणि 1995 च्या ऑक्टोबरात चार तासांच्या आत निकाल. बहुतेक खटले काही दिवसांत आटोपतात, हे उगाच बोलू नका, सहानुभूती जाते.

आता थोडं आपल्या दैवताविषयी. मराठी शाळेत दर वर्षी 1 ऑगस्टच्या आसपास मुलं टिळकांवर भाषण करतात. मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही. हाच बाणा ज्युरीच्या हॉलमध्ये वापरून बघण्यासारखा आहे: मी गुन्हा केला नाही, मी कोर्टात बसणार नाही. मुलांना मात्र पुढचा भाग सहसा शिकवत नाहीत. 1908 च्या जुलैमध्ये मुंबई हायकोर्टात त्याच टिळकांपुढे नऊ जणांची ज्युरी बसली होती. सात युरोपियन, दोन पारशी. 'केसरी'तले लेख मराठी, आणि निकाल ठरवणाऱ्यांपुढे त्यांची इंग्रजी भाषांतरं. सात विरुद्ध दोन, दोषी. मंडालेची सहा वर्षं. आपण आजही म्हणतो की त्या नऊ जणांत आपल्या भाषेचा, आपल्यातला कुणी असता तर! हे म्हणताना आवाज भरून येतो आणि टाळ्या मिळतात. त्याच कार्यक्रमात चहाच्या वेळी समन्स कसं चुकवायचं याची चर्चा रंगते, कारण तिथे अनुभवी माणसं एकत्र भेटतात.

शेवटी एक सूचना. देव न करो, पण कधी फ्रीवेवर तुमच्या टेस्लाला कुणी मागून ठोकलं आणि नुकसानभरपाईचा दावा ज्युरीपुढे गेला, तर इथे दिवाणी खटल्यात बारापैकी नऊ जणांचं मत वळलं तरी पुरतं. वकिलाला पहिल्याच भेटीत बजावा की आपल्याला ज्युरीत शिकलेली, आकडे समजणारी, शांतपणे ऐकून घेणारी, आपल्यासारखी माणसं हवीत. तो विचारेल, अशी माणसं ज्युरीच्या हॉलमध्ये फारशी दिसत नाहीत, ती असतात कुठे? त्याला खरं काय ते सांगा. या वेळी ती ऑफिसच्या स्टँडअप मीटिंगमध्ये असतात.