गोळ्यांचा हिशेब वेगळा, मृत्यूंचा वेगळा

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. गांजाला औषध म्हणून परवानगी देणाऱ्या अमेरिकी राज्यांत डॉक्टर अफूवर्गीय वेदनाशामकं कमी लिहून देतात, असं मी म्हटलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं, २०१९च्या अभ्यासात त्याच राज्यांत या औषधवर्गाच्या ओव्हरडोसचे (अतिमात्रेचे) मृत्यू सुमारे २३ टक्के जास्त दिसले, म्हणजे माझं लिहिणं ही नशेची भलामण आहे.

मृत्यूंबद्दल तुमचं बरोबर आहे. मी २०१४च्या अभ्यासातला आकडा दिला होता: १९९९ ते २०१० या काळात अशा राज्यांत मृत्युदर सरासरी २५ टक्के कमी. तीच पद्धत २०१७पर्यंत ताणली तेव्हा चित्र पार उलटलं. ते वाक्य मी काढून टाकलंय. पण गांजाच्या कायद्याने माणसं मेली, असंही त्यातून निघत नाही. मधल्या काळात बाजारात बेकायदा फेंटानिल, म्हणजे अतिशय तीव्र कृत्रिम अफूवर्गीय औषध, घुसलं होतं, आणि राज्याच्या सरासरीवरून एकेका रुग्णाने काय घेतलं ते कळत नाही.

गोळ्यांचा हिशेब मात्र वेगळा. मेडिकेअरच्या, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या अमेरिकी सरकारी आरोग्य विम्याच्या, औषध योजनेची २०१० ते २०१५ची आकडेवारी पाहा. एका राज्यात वर्षाला या वेदनाशामकांच्या सरासरी २ कोटी ३० लाख दैनिक मात्रा दिल्या जात. कायदा आल्यावर त्यात २१ लाखांची घट दिसली, आणि जिथे गांजाची परवानाधारक दुकानं प्रत्यक्ष उघडली तिथे ३७ लाखांची. कायदा नुसता कागदावर असणं आणि दुकान गावात असणं, यातला हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

आणि ही घट सोपी नव्हती. केंद्रीय कायद्याने गांजा बंदी असल्यामुळे डॉक्टर प्रिस्क्रिप्शन लिहू शकत नव्हते, फक्त शिफारसपत्र देत. विमा एक पैसा देत नसे. ऑक्सिकोडोन हे अफूवर्गीय वेदनाशामक मात्र विम्यावर किरकोळ पैशांत मिळे. पेन्शनवर जगणारा माणूस काय निवडणार?

तरी कायद्यामुळेच गोळ्या सुटल्या, असा दावा मी करणार नाही. ऑस्ट्रेलियात जुनाट दुखण्याच्या सुमारे १,५०० रुग्णांवर चार वर्षं लक्ष ठेवलं. गांजा घेणाऱ्यांच्या गोळ्या कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही. शिवाय त्याच वर्षांत अमेरिकेत डॉक्टरांवरची देखरेखही कडक होत होती.

आता भलामणीबद्दल. इथे न्यू जर्सीत माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा नारिंगी बाटलीतून ऑक्सिकोडोनच्या तीस गोळ्या हातात आल्या. चौथ्या रात्री ठणका जवळजवळ थांबला होता, तरी मी उठून बाटली उघडली. दुखत नव्हतं. गोळीनंतरची ती ऊबदार झोप हवी होती. झाकण हातात धरून स्वयंपाकघरात किती वेळ उभी होते, आठवत नाही. गोळ्या कमी झाल्या का, हा प्रश्न मी तेव्हापासून विचारतेय. त्याचं उत्तर गांजाच हवं, असा माझा हट्ट नाही. उरलेल्या एकवीस गोळ्या दुसऱ्या दिवशी नवऱ्याने पोलीस स्टेशनातल्या जुनी औषधं टाकायच्या पेटीत नेऊन टाकल्या.