बाँडच्या सिनेमात गाणं एकाचं आणि पार्श्वसंगीत दुसऱ्याचं, इथेच बिघडतं

बाँडपटांचा विषय निघाला की 'कॉनरी भारी का क्रेग भारी' यावर मंडळी रात्र रात्र वाद घालतात. मला त्या वादात फारसा रस नाही. मला वाद घालायचाय तो जॉन बॅरी, डेव्हिड अर्नोल्ड आणि हान्स झिमर या संगीतकारांवर. १९६२ च्या 'डॉक्टर नो'पासून २०२१ च्या 'नो टाइम टू डाय'पर्यंत मूळ मालिकेचे २५ सिनेमे आले आणि त्यांना एकूण १० जणांनी पार्श्वसंगीत दिलं. ते पुन्हा पुन्हा ऐकून माझं एक मत पक्कं झालंय. शीर्षकगीताची चाल आणि पार्श्वसंगीत एकाच हातून आलं, की सिनेमा उभा राहतो. गाणं चार्टवर चालावं म्हणून एकाला दिलं आणि उरलेलं काम दुसऱ्याच्या गळ्यात मारलं, की संगीत नुसतं भरण्यापुरतं उरतं.

आधी मूळ थीमबद्दल बोलू. तिचं श्रेय संगीतकार माँटी नॉर्मनचं. नायपॉल यांच्या 'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास' या कादंबरीवर एक संगीतिका करायचं चाललं होतं, तिच्यासाठी नॉर्मनने त्रिनिदादमधल्या भारतीय पात्राच्या तोंडी एक गाणं रचलं होतं. संगीतिका रंगमंचावर आलीच नाही आणि ती चाल बाँडच्या कामी आली. तिला आजचं रूप दिलं बॅरीने, आणि व्हिक फ्लिकच्या गिटारने. ही थीम खरी कोणाची, यावरून प्रकरण कोर्टात गेलं. २००१ मध्ये लंडनच्या कोर्टात नॉर्मन, थीम बॅरीची असल्याचं छापणाऱ्या 'संडे टाइम्स' या वृत्तपत्राविरुद्धचा बदनामीचा दावा जिंकला. कायद्याने चाल नॉर्मनची, हे मला मान्य आहे. पण तिच्यात जी धमक आहे, ती बॅरीच्या मांडणीची.

घरात पेटी असेल तर एक करून बघा. सा धरून ठेवा आणि वर पंचम, कोमल धैवत, शुद्ध धैवत, परत कोमल धैवत, असं सावकाश फिरत राहा. झाली बाँड थीमची बैठक! एवढ्या चार पावलांत कोणीतरी दबकत चालल्याचा भास होतो. आणि शेवटचा तो गिटारचा झणत्कार? सा, कोमल गंधार, पंचम, शुद्ध निषाद आणि वरचा रिषभ, सगळे एकदम. कोमल गंधाराच्या शेजारी शुद्ध निषाद ठेवल्यामुळे तो स्वरसमूह शेवटचा असूनही सुटल्यासारखा वाटत नाही. पुढे काहीतरी घडणार, ही धास्ती तिथूनच येते.

बॅरीने ११ बाँडपट केले. त्याची ताकद बघायची तर 'गोल्डफिंगर' (१९६४) घ्या. शर्ली बॅसीचं गाणं सगळ्यांना माहीत आहे. पण बाँड स्वित्झर्लंडच्या घाटातून गाडी चालवतो, तिथे लक्ष द्या. तीच चाल तंतुवाद्यांवर संथ, जवळजवळ हळवी होऊन येते. सुरुवातीला पितळी वाद्यांवर दरडावणारी चाल इथे डोंगरातल्या हवेसारखी वाटते. चाल त्याचीच, म्हणून ती कुठे वाकते हे त्याला ठाऊक. 'अ व्ह्यू टू अ किल'मध्ये (१९८५) ड्युरान ड्युरान या पॉप बँडच्या पोरांबरोबर बसून त्याने नाचायचं गाणं केलं, ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि सिनेमात तेच बासरीवर ठेवून प्रेमप्रसंगाला वापरलं. वेग काढून घेतल्यावर आत सुरेख चाल निघते, हे तिथे कळतं.

'थंडरबॉल'चा (१९६५) किस्सा याहून बोलका आहे. बॅरीने आधी 'मिस्टर किस किस बँग बँग' हे गाणं केलं होतं. निर्मात्यांना शेवटी सिनेमाच्या नावाचंच गाणं हवं झालं, म्हणून घाईत नवं करून टॉम जोन्सकडून गाऊन घेतलं. पण पार्श्वसंगीतात जुन्या गाण्याची चाल जागोजागी राहिली. पडद्यावर न आलेलं गाणं सिनेमाभर ऐकू येतं!

तरीही माझ्या लेखी त्याचं सर्वोत्तम काम 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस' (१९६९). शीर्षकाला गाणंच नाही, मूग नावाच्या इलेक्ट्रॉनिक सिंथेसायझरचा खर्ज आणि त्यावर तुताऱ्यांसारखी चाल. बर्फावरच्या पाठलागात ती असा काही जोर धरते की तोड नाही. दुसरीकडे लुई आर्मस्ट्राँगच्या आवाजातलं 'वुई हॅव ऑल द टाइम इन द वर्ल्ड'. नवी नवरी गोळीने मेल्यावर त्याच चालीचे सूर येतात, तेव्हा घशात आवंढा येतो.

'ऑक्टोपसी'बद्दल (१९८३) आपल्याकडे नेहमी उदयपूर आणि कबीर बेदीच आठवतात. मला मात्र विजय अमृतराज गारुडी बनून पुंगीवर बाँड थीम वाजवतो तेच आवडतं. चित्रपटातल्या पात्राने चित्रपटाचीच थीम वाजवावी, हा मोकळेपणा फक्त त्याच मालिकेला शोभतो.

मधल्या काळात 'लिव्ह अँड लेट डाय'मध्ये (१९७३) जॉर्ज मार्टिनने मॅकार्टनीचं गाणं आत छान विणलं. चाल दुसऱ्याची होती, पण बीटल्सबरोबर इतकी वर्षं काढलेल्या माणसाला ती परकी नव्हती. हॅम्लिश ('द स्पाय हू लव्हड मी', १९७७) आणि काँटी ('फॉर युअर आइज ओन्ली', १९८१) यांनी गाणी स्वतः केली आणि ती उत्तम झाली, बाकीच्यावर मात्र डिस्कोची छाप फार. एरिक सेराचं 'गोल्डनआय' (१९९५) मला अजिबात रुचत नाही. सेंट पीटर्सबर्गच्या रणगाड्याच्या पाठलागाला तर निर्मात्यांनी जॉन ऑल्टमनकडून वेगळं संगीत करून घेतलं. टीना टर्नरचं गाणं मात्र दणदणीत होतं, बोनो आणि एजने लिहिलेलं. सेराच्या संगीतात त्याची ओळखदेखील नाही.

मग अर्नोल्ड आला आणि 'टुमॉरो नेव्हर डाइज'मध्ये (१९९७) माझा मुद्दा त्याच्याच वाट्याला आला. त्याने 'सरेंडर' हे गाणं केलं, के. डी. लँगने ते गायलं, आणि सगळं पार्श्वसंगीत त्या चालीवर उभं केलं. सुरुवातीची जागा मिळाली शेरिल क्रोच्या गाण्याला. 'सरेंडर' गेलं शेवटच्या श्रेयनामावलीत. काही मिनिटांच्या त्या शीर्षकापोटी बाकी दोन तासांचा धागा तोडला, याचा मला आजही राग येतो. उलट 'कसिनो रॉयाल'मध्ये (२००६) त्याने ख्रिस कॉर्नेलबरोबर बसून गाणं रचलं. बाँड अजून घडतोय म्हणून मूळ थीम राखून ठेवली, मध्ये नुसत्या सावल्या दाखवल्या, आणि तिच्या जागी या गाण्याचे तुकडे वापरले. शेवटी तो स्वतःचं नाव सांगतो तेव्हाच पूर्ण थीम फुटते. बॅरीनंतर इतकं विचारपूर्वक काम कुणीच केलेलं नाही.

थॉमस न्यूमनचं 'स्कायफॉल' (२०१२) मी मान देऊन ऐकतो, वातावरण उभं करण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. पण ॲडेलचं गाणं मकाऊच्या कसिनोत एकदा डोकावतं, तेवढंच. 'स्पेक्टर'मध्ये तर त्याने आधीच्याच सिनेमाचे तुकडे परत वापरले.

झिमरवर टीका करणारे पुष्कळ आहेत. 'नो टाइम टू डाय'चं काम ऐनवेळी हाती आलं तरी त्याने बिली आयलिशच्या गाण्याची चाल आत घेतली, आणि १९६९ चं बॅरीचं संगीतही परत आणलं. हे मला मनापासून आवडलं. पण सिनेमातले सर्वांत हलवून सोडणारे क्षण बॅरीच्या जुन्या चालींवर उभे आहेत, हेही खरं. पुढच्या बाँडच्या निर्मात्यांनी म्हणूनच आधी संगीतकार ठरवावा, गायक त्याला निवडू द्यावा, आणि गाण्याची चाल त्याच्याकडूनच बांधून घ्यावी.