मातादोरचा घट्ट पोशाख: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया वाचली. मातादोरचा, म्हणजे स्पेनमधल्या बैलझुंजीत बैलाला तलवारीने मारणाऱ्या मुख्य खेळाडूचा, घट्ट, जरीचा पोशाख नुसता देखावा आहे, त्याच्या चकाकीने बैल बिथरतो आणि शिंगापासून तो काहीच वाचवत नाही, असं तुम्ही लिहिलंय. शेवटचा मुद्दा सरळ मान्य. रेशमाने शिंग अडत नाही. जखमा सगळ्यात जास्त मांडीलाच होतात. 1984 मध्ये स्पेनमधल्या पोझोब्लांको गावी प्रसिद्ध मातादोर पाकिर्रीला शिंग लागलं, तो मांडीच्या जखमेनेच गेला.

घट्टपणाचं म्हणाल तर ते पटत नाही. शिंग मांडीपासून वीतभरावरून जातं. तिथे कापडाची एखादी चुणी लोंबत असेल, तर टोक तीत अडकतं आणि माणूस कापडासकट उचलला जातो. म्हणून तालेगिया, म्हणजे गुडघ्याखालपर्यंतची विजार, वर पार बरगड्यांपर्यंत ओढतात. ती एकट्याला चढत नाही; ‘मोसो दे एस्पादास’ हा मदतनीस लागतो. गुडघ्याखाली गोंड्यांच्या नाड्या असतात, त्या ‘माचोस’. सैल राहिल्या तर विजार वर सरकते, फार आवळल्या तर पोटरीत गोळा येतो. आपण कंबर कसतो, तसे स्पॅनिश लोक कठीण कामाआधी ‘माचोस बांधतात’. तो वाक्प्रचार इथलाच.

जाकीट तर कलाबतू आणि टिकल्यांनी पुठ्ठ्यासारखं ताठ होतं. त्यात हात हलावा म्हणून बाही फक्त खांद्यावर जोडतात, काख उघडी ठेवतात. तलवार खुपसताना उजवा हात शिंगांवरून न्यायचा असतो. काख शिवलेली असती, तर तो अर्ध्यातच अडला असता.

राहिली चकाकी. बैल धावतो तो मातादोरच्या हातातल्या हलणाऱ्या कापडावर. मातादोर पाय रोवून उभा असतो. जरीचा रंग बघणाऱ्यांसाठी. सोनेरी मातादोरची, पायी मदत करणाऱ्या बांदेरियेरोंची बहुधा रुपेरी. घोड्यावरून बैलाला भाला टोचणाऱ्या पिकादोरलाही सोनेरी जाकीट, हा त्याचा जुना मान. त्याच्या पायाला मात्र पोलादी कवच असतं आणि घोड्याला 1928 पासून जाड गादीसारखं ‘पेतो’ सक्तीचं आहे. धडक अंगावर घेणाऱ्याला कवच चालतं; जागच्या जागी वळून ती चुकवणाऱ्याला ते जड होतं.

साधे कपडे का नाहीत, असंही विचारलंत. आहेत की! पैदाशीच्या गायींच्या आक्रमकपणाची पारख करताना आणि मदतनिधीसाठीच्या खेळांत बिनजरीचा ‘त्राखे कोर्तो’ घालतात. त्यातही जाकीट आखूडच, सैल काही नाही.

दोष काढायचाच, तर काळ्या, सपाट तळाच्या चपट्या बुटांचा काढा. पाऊस पडला की ओल्या वाळूवर ते घसरतात. मग कित्येक मातादोर ते काढून फेकतात आणि नुसत्या गुलाबी मोज्यांवर बैलासमोर उभे राहतात.