युरिया वाढला म्हणजे लिव्हर थकलं, असं नसतं

‘जास्त प्रोटीन खाल्लं की लिव्हरवर लोड येतो, अमोनिया साचतो. रिपोर्टमध्ये वाढलेला युरिया हाच त्याचा पुरावा. अधूनमधून उपाशी राहून लिव्हरला विश्रांती द्या.’ हा मेसेज सगळीकडे फिरतोय आणि लोक घाबरून ताटातली प्रथिनं कमी करतायत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी युरिया. प्रथिनं पचून त्यांची अमिनो आम्लं होतात, आणि जास्तीची अमिनो आम्लं शरीराला साठवता येत नाहीत. ती मोडताना सुटणारा अमोनिया मेंदूला घातक असतो, म्हणून यकृताच्या पेशी त्याचा युरिया करतात आणि मूत्रपिंडं तो बाहेर टाकतात. म्हणजे युरिया हा लिव्हर काम करत असल्याचा पुरावा झाला! लिव्हर खरोखर निकामी होऊ लागलं तर युरिया घटतो, अमोनिया चढतो. रिपोर्टमध्ये युरिया जास्त दिसला तर शेजारचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं कशी चालतायत ते सांगणारा आकडा) बघा, पाणी कमी पडलंय का ते विचारा.

‘लोड येतो’ म्हणणाऱ्यांनी पेशीत डोकावायला हवं. प्रथिनं पोटात गेली की ग्लुटामेट आणि आर्जिनिन ही अमिनो आम्लं वाढतात. त्यांच्यामुळे मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरात, एन-अ‍ॅसिटिलग्लुटामेट नावाचा रेणू जास्त बनतो. अमोनियाचा युरिया करणाऱ्या पायऱ्यांच्या साखळीला युरिया चक्र म्हणतात; त्याचं पहिलं एन्झाइम या रेणूशिवाय जवळजवळ हलतच नाही. तो वाढला की चक्राला लगेच वेग येतो. आहार तसाच चालू राहिला तर काही दिवसांत पेशी ही एन्झाइमंच जास्त बनवतात. जैवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट शिम्के यांनी १९६२ मध्ये उंदरांत दाखवलं की आहारातली प्रथिनं वाढवली तशी चक्रातली पाचही एन्झाइमं वाढली.

उपाशी ठेवलेल्या उंदरांतही ही एन्झाइमं वाढलेलीच मिळाली. खाणं बंद झालं की शरीर स्वतःचे स्नायू मोडतं, आणि त्यांचाही नायट्रोजन यकृतालाच निस्तरावा लागतो. विश्रांती कसली?

युरिया चक्रात जन्मजात दोष असेल किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर प्रथिनं डॉक्टरांनी सांगितली तेवढीच घ्यायची. ते खरंच आहे.

पण सिरॉसिसच्या (लिव्हरवर व्रण पडून ते कडक होण्याच्या आजाराच्या) रुग्णाची प्रथिनं घरच्यांनी अशा मेसेजवरून तोडू नयेत, ही कळकळीची विनंती. पूर्वी डॉक्टरही तोडायचे. आता सहसा रोज वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम घ्यायला सांगतात, कारण लिव्हर कमी पडतं तेव्हा बराचसा अमोनिया स्नायू ग्लुटामिन या अमिनो आम्लात बांधून ठेवतात, आणि प्रथिनं तोडली की आधी झिजतात ते स्नायूच.