दोन बाणांची खात्री

परवा आमच्या पेठेच्या व्हॉट्सॲप समूहातून मला काढून टाकण्यात आले. पंचगंगेच्या महापुराचा जो फोटो 'आत्ताची परिस्थिती' म्हणून फिरत होता तो २०१९ चा आहे, असे मी लिहिले, एवढाच माझा गुन्हा. कारवाई करणारे ॲडमिन तात्या त्याच संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर भेटले आणि म्हशीची धार पेल्यात पडत असतानाच मी त्यांना जाब विचारला.

"मास्तर, फोटोत पाणी हाय का न्हाई?" तात्यांनी उलट विचारले.

"आहे, पण ते २०१९ च्या ऑगस्टमधले आहे."

"पाण्यावर तारीख असती व्हय?"

पाण्यावर नसते, परंतु फोटोतल्या अर्ध्या बुडालेल्या कमानीवर 'गणेशोत्सव २०१९' ही अक्षरे ढळढळीत दिसत होती. तात्यांनी मोबाइल हातभर लांब धरला, दोन बोटांनी कमान मोठी करून पाहिली आणि मिशीवरचा फेस पुसत निकाल दिला, "मंडळानं जुनीच कमान लावली आसंल. वर्गणी कुठं जमतीया आता?"

मग मी आकड्यांवर आलो. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे कोल्हापुरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. प्रशासनाने त्या दुपारी ३१ फूट पाणी असल्याचे कळवले होते आणि तात्यांच्या संदेशात मात्र ते ५० फुटांवर चढले होते. सरकार कधी खरा आकडा सांगते का, असे तात्या म्हणाले. मग हे ५० फूट कोणी मोजले, असे विचारल्यावर त्यांनी संदेशाच्या माथ्यावरचे दोन बाण मला दाखवले.

"हे बघा. एक बाण म्हंजे साधी बातमी. दोन बाण म्हंजे डबल खात्रीची."

हे दोन बाण म्हणजे मजकूर किमान पाच वेळा पुढे ढकलला गेल्याची खूण आहे आणि वाचणाऱ्याने जपून राहावे म्हणूनच ती दिलेली आहे, असे मी समजावले. "तेच म्हंतोय की! पाच जणांनी बघून पुढं धाडलंय, मग आपण कशाला परत बघायचं?" असे म्हणून तात्यांनी दुसरा पेला मागवला. असे संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतात, हे बंधन एप्रिल २०२० पासून आहे. त्याबद्दलही त्यांची तक्रार होती, कारण बारा समूहांना पाठवेपर्यंत अंगठा भरून येतो.

तात्यांना तरी किती बोल लावावा? यूट्यूबवरच्या बातमीदारांनी 'कोल्हापूर बुडाले?' असा मथळा दिलेलाच होता. त्यातले प्रश्नचिन्ह ही पळवाट आहे, ते कोणी वाचत नाही. राधानगरीचे सातही दरवाजे स्वयंचलित असून धरण भरले की आपोआप उघडतात. तरीही एका वाहिनीला त्यात प्रशासनाचा निष्काळजीपणा दिसतो, दुसरीला बळीराजाला दिलासा दिसतो, आणि दरवाजा कोणी उघडलेलाच नाही हे दोघीही सांगत नाहीत. खोटे ठरवावे असे एकही वाक्य त्यात सापडत नाही, हीच खरी पंचाईत.

हे हसण्यावारी नेता येत नाही, कारण १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अशाच फिरत्या अफवेपायी, भिक्षा मागून जगणाऱ्या पाच जणांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात एका वेळी पाच ठिकाणीच संदेश पाठवण्याची मर्यादा भारतात जाहीर झाली. मी तात्यांना हेही सांगितले. ते क्षणभर गंभीर झाले आणि म्हणाले, "लई वाईट. ह्याचा मेसेज आसंल तर धाडा की."

दोन्ही पेल्यांचे पैसे मीच दिले.

रात्री जेवायला बसलो असताना पुण्याहून आत्याचा फोन आला. तोच फोटो तिच्यापर्यंत पोहोचला होता आणि आम्ही माळ्यावर आहोत की गच्चीवर, एवढेच तिला विचारायचे होते. मी पानावर बसलो आहे, आमटी-भात खातो आहे, असे सांगितले, तर ती हुंदके देत म्हणाली, "माझ्यासाठी खोटं बोलू नकोस रे."